हरिहरेश्वराचा किनारा आणि वाडिया घराण्याची युद्धनौकाबांधणी

सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते तेथे उत्तरेच्या अंगास हरिहरेश्वराचे क्षेत्र आणि दक्षिणेच्या अंगास बाणकोटचा किल्ला आहे. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. त्यांचे मूळ गाव श्रीवर्धन तेथून जवळच आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास सिद्दी, आंग्रे आणि पेशवे या तिन्ही सत्ता या टापूत एकमेकींस भिडत होत्या. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स याने पेशव्यांच्या साहाय्यार्थ तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध मोहीम करून प्रथम सुवर्णदुर्ग व पाठोपाठ बाणकोट घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरच्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, आणि त्याच्या मोबदल्यात बाणकोट व आसपासची काही गावे इंग्रजांकडे राहिली. अशा रीतीने पेशव्यांच्या कुलदैवतासमोरच्या खाडीवर ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव कायम झाले.

मराठी इतिहासलेखनात या प्रकरणाचा विचार बहुधा राजनीतीच्या दृष्टीने झालेला आहे. नानासाहेब पेशव्यांनी परक्याच्या हाताने स्वकीयांचे आरमार बुडविले, हा आक्षेप सर्वपरिचित आहे आणि तो निराधारही नाही. परंतु त्यामागे दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. जळालेले आरमार नव्याने बांधता येते. विजयदुर्गास खाडीच्या आत खडक फोडून केलेली गोदी होती. किनाऱ्यावर सुतार, लोहार व खलाशी होते. सह्याद्रीत सागवान होते. पुढे धुळपांनी पेशव्यांचे आरमार पुन्हा उभारलेही, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपाने इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. तरीही मराठी जहाजबांधणी गुराब आणि गलबत यांच्या पलीकडे फारशी गेली नाही. याच काळात, याच किनाऱ्यावर उत्तरेस, मुंबईत मात्र एका पारशी सुतार घराण्याच्या हातून चौऱ्याहत्तर तोफांची जहाजे तयार होण्याची पूर्वतयारी चालू होती.

त्या घराण्याचा मूळ पुरुष लवजी नसरवानजी. सुरतेस कंपनीसाठी जहाज बांधले जात असता त्याचे कसब कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नजरेस आले, आणि १७३६ मध्ये काही सुतारांसह तो मुंबईस आला. १७५० मध्ये मुंबईत पहिली कोरडी गोदी बांधण्यात आली. १७६२ व १७६५ मध्ये तिला आणखी दोन जोडल्या गेल्या. आंग्र्यांचे आरमार जळाले तेव्हा यांपैकी पहिली गोदी वापरात होती, ही गोष्ट दृष्टीआड करण्यासारखी नाही. लवजी १७७४ मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे एक राहते घर आणि वीस हजारांहून कमी रुपये एवढीच मिळकत होती. मात्र मुख्य बांधणीकाराचे पद त्याच्या मुलांकडे व नातवांकडे चालत गेले आणि सुमारे दीडशे वर्षे त्याच घराण्यात राहिले.

या घराण्याचा खरा उत्कर्षकाळ म्हणजे लवजीचा नातू जमशेटजी बमनजी (१७५६–१८२१) याची कारकीर्द होय. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई भासू लागली होती. सागाच्या अंगी तेल असते, त्यामुळे त्यात ठोकलेला लोखंडी खिळा सहसा गंजत नाही. ओकच्या लाकडातील आम्ल मात्र लोखंड खाते. ओकचे जहाज सुमारे बारा वर्षांत नवे करावे लागते आणि सागाचे पन्नास वर्षे टिकते, असा हिशेब त्या काळी मांडला जात असे. तो थोडा फुगविलेला धरला तरी त्यातील तथ्य नाकारता येत नाही. शिवाय फळ्यांच्या कडा खाच पाडून एकमेकींत बसविण्याची सुरत-मुंबईकडील पद्धत फळ्या नुसत्या कडेस कड लावून जोडण्याहून अधिक जलाभेद्य होती. सागाची ओढ इतकी वाढली की १८०६ मध्ये कंपनीने मलबारातील जंगलांवर खास अधिकारी नेमून लाकडाचा मक्ता स्वतःकडे घेतला. तेथील जमीनदार व व्यापारी यांना त्याचा जाच झाला, आणि १८२३ मध्ये मन्रोने तो मोडला.

जमशेटजीने १८१० मध्ये ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ व १८१५ मध्ये ‘वेलस्ली’ ही चौऱ्याहत्तर तोफांची जहाजे पाण्यात सोडली. ‘त्रिंकोमली’ या फ्रिगेटचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या हाती पडले, तेव्हा ते नकाशे पुन्हा पाठवावे लागले. या छोट्या घटनेतून कारखान्याचे खरे स्वरूप कळते. लाकूड येथले, हात येथले, देखरेख येथली. पण जहाजाचा आराखडा, तोफा आणि मागणी लंडनची. कौशल्य घराण्याचे असले तरी गोदी घराण्याची नव्हती. वाडिया हे कारखान्याचे मालक नव्हते, पगारी बांधणीकार होते. ‘घराण्याचा कारखाना’ असे त्यास म्हणावयाचे ते या मर्यादेतच.

मराठी आरमाराशी तुलना करता फरक नेमका येथेच दिसतो. धुळपांकडे सुतार होते, पण वर्षानुवर्षे मोठ्या जहाजांची मागणी करणारा धनी नव्हता. पुणे दरबाराचे लक्ष उत्तरेच्या स्वाऱ्यांकडे व कर्जाकडे असे. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ पराभव होताच दुसरा बाजीराव महाडकडे पळाला, तेथून सुवर्णदुर्गास गेला आणि अखेर इंग्रजांच्या जहाजातून वसईस पोहोचला. महाड हे सावित्रीच्याच काठी आहे. पुढे १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमली’ मुंबईत पाण्यात उतरली आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. पुढील वर्षी विजयदुर्गही पडला.

जमशेटजीनंतर त्याचा पुत्र नवरोजी याने १८२४ मध्ये ‘एशिया’ हे चौऱ्यांशी तोफांचे जहाज पुरे केले. २० ऑक्टोबर १८२७ च्या नव्हारिनोच्या युद्धात ते कॉड्रिंग्टनचे निशाणाचे जहाज होते. ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनला नानकिंगचा तह स्वीकारावा लागला. कोणत्या कामासाठी जहाज बांधावे हे ठरविण्याचा अधिकार बांधणाऱ्याकडे नव्हता, हे या तहाकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते.

याच सुमारास वाफेचे युग येत होते, आणि घराण्याने त्याकडे पाठ फिरविली नाही. १८२९ मध्ये नवरोजीने ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली. पुढील वर्षी ती मुंबईहून सुएझला गेली. अर्देशिर खरशेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला. तो मान मिळविणारा पहिला हिंदी तोच. परंतु वाफेची यंत्रे आणि लोखंडी सांगाडे इंग्लंडच्या कारखान्यांतून येऊ लागले, तेव्हा सागवान पारखणाऱ्या डोळ्याचे मोल ओसरत गेले. १८४८ मध्ये ‘मियानी’ हे ऐंशी तोफांचे जहाज पाण्यात गेले. त्या जातीचे मुंबईत बांधले गेलेले ते शेवटचे. घराण्यातील अखेरचा मुख्य बांधणीकार जमशेटजी धनजीभाई १८८४ मध्ये निवृत्त झाला. ‘वेलस्ली’ १९४० मध्ये टेम्सवर विमानहल्ल्यात बुडाली. ‘त्रिंकोमली’ मात्र मुंबईच्या सागासह इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे.