नऊ महिने की १२० तास?

मागच्या महिन्यात माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याकडे चहाला गेलो होतो. तेवढ्यात त्यांचा नातू शिबिराहून परतला. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल. आजोबा खूश होऊन म्हणाले, "हे सगळ्या पोरांना सक्तीचं करायला हवं!" निवृत्त फौजी जमले की चहाबरोबर हे वाक्य येतंच. मीसुद्धा ते पुष्कळदा म्हटलंय. पण हेच वाक्य एकदा सरकारी अहवालात उतरलं होतं, आणि त्या समितीचा अध्यक्ष मराठी माणूस होता.

१९५८ साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्रातून सुचवलं, की पदवी हवी असेल तर विद्यार्थ्याने आधी काही समाजसेवा केलेली असावी. ऑगस्ट १९५९ मध्ये राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडून आलेले. तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

या समितीने गुळमुळीत काही लिहिलं नाही. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करायची, आणि तीही सक्तीने. त्यात थोडं लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असं सगळं होतं.

(जाता जाता सांगतो. चिंतामणरावांच्या पत्नी दुर्गाबाई १९२३ साली काकिनाडा काँग्रेसच्या वेळी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका होत्या. वय चौदा. तिकीट नाही म्हणून त्यांनी खुद्द नेहरूंना अडवलं. असा संतरी मला पलटणीत मिळाला असता, तर रात्री निवांत झोपलो असतो. आणि हे काम त्या पोरीवर कुणी लादलेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा.)

शिफारस बारगळली. खर्च मोठा होता आणि अंमलबजावणी अवघड. एवढ्या मुलांना वर्षभर ठेवायचं कुठे, जेवू काय घालायचं, कामाला लावायचं कुणी? पुढे १९६० मध्ये के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास केला आणि विद्यार्थ्यांची सेवा ऐच्छिकच असावी, असं मत दिलं.

मग १९६२ चं युद्ध आलं आणि सक्ती वेगळ्या दाराने आत शिरली. १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. योगायोग असा, की त्या काळात चिंतामणराव दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्या दिवसांत कॉलेजांमध्ये ड्रिल शिकवायला गेलेले जुने सुभेदार आम्हाला तरुणपणी गोष्टी सांगत. मैदानावर पोरं शेकड्यांनी उभी, पण निम्म्यांचं लक्ष घड्याळाकडे. हजेरी झाली की मागची रांग पातळ व्हायला लागायची. आपल्याकडे याला जुलमाचा रामराम म्हणतात. १९६८ मध्ये एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली. ज्या संघटनेवर माझं प्रेम आहे तिच्याबद्दल हे सांगताना बरं वाटत नाही, पण घडलं ते असं.

या अनुभवातून राष्ट्रीय सेवा योजनेला जागा मिळाली. १९६७ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि मग कुलगुरूंनी तिला होकार दिला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ती सुरू केली. पहिल्या वर्षी ४० हजार विद्यार्थी. नऊ महिन्यांच्या जागी वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय दत्तक घेतलेल्या गावात शिबिर. १९७३ च्या दुष्काळात 'दुष्काळाविरुद्ध युवक' याच विषयावर शिबिरं झाली.

मी कॉलेजात गेलो तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी, इंदुरात. माळव्यातल्या एका खेड्यात आम्ही दहा दिवस शाळेपर्यंतचा रस्ता केला. हातांना फोड, संध्याकाळी गाणी, समारोपाला हारतुरे. पहिल्याच पावसात रस्ता वाहून गेला. पुढल्या वर्षी त्याच गावात परत जायला आम्ही अकराच जण तयार झालो. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला बांधावर नेलं आणि काठीने उतार दाखवला. पाणी कुठून येतं हे त्याला ठाऊक होतं, फक्त आदल्या वर्षी त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग त्याने दाखवलेल्या जागी आम्ही सिमेंटचा पाइप टाकून वर भराव घातला. तो टिकला. अकरा पोरांनी केलेला. आता काही विद्यापीठांत या कामाचे जादा गुण मिळतात. आम्हाला मिळाले असते तर दुसऱ्या वर्षी शंभर जण आले असते. त्या म्हाताऱ्यामागे बांधापर्यंत किती गेले असते, कोण जाणे.

तर त्या नातवाला मी विचारलं, "गावात काय केलंत?"

"शोषखड्डे खणले, काका. चौदा."

"जागा कुणी दाखवल्या?"

"सरांनी." मग जरा थांबून म्हणाला, "दोन ठिकाणी पाणी जिरतच नव्हतं. शेजारच्या आजी म्हणत होत्या, खाली खडक आहे."

"मग?"

"पुढच्या रविवारी मी आणि माझा मित्र जाणार आहोत. आजींनाच विचारतो, कुठे खणू."

"त्याचे तास धरतात का?"

"नाही हो," असं म्हणून तो बूट धुवायला मागच्या अंगणात गेला.