मूत्रपिंड आणि रक्तातील मेद

हैदराबादच्या मलकपेठेत एखाद्याच्या पायांवर सूज आली, की डॉक्टर लघवीतील प्रथिने आणि रक्तातील कोलेस्टेरॉल ही दोन्ही तपासावयास सांगतात. मूत्रपिंडाचा मेदाशी संबंध काय, असे त्या रुग्णास वाटणे साहजिक आहे. या प्रश्नामागे सुमारे दोन शतकांचा इतिहास आहे.

१८२७ साली लंडन येथील रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरील सूज, लघवीतील अल्ब्युमिन आणि विकृत मूत्रपिंड यांची सांगड घातली. अशा कित्येक रोग्यांचे रक्तजल दुधाळ दिसते, हेही वैद्यांच्या ध्यानात आले. मूत्रपिंडाची चाळणी सैल झाली, की अल्ब्युमिन वाहून जाते. ती तूट भरून काढण्याच्या खटपटीत यकृत मेद वाहून नेणारी प्रथिनेही अधिक निर्माण करते, आणि कोलेस्टेरॉल चढते.

१९८२ साली जॉन मूरहेड यांनी उलट बाजूने विचार मांडला. रोगाने वाढलेला हा मेद मूत्रपिंडास आणखी अपाय तर करीत नसेल? कल्पना मनास पटणारी होती. परंतु पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. २०११ साली नऊ हजारांहून अधिक मूत्रपिंडरोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधांनी हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे मोठे आघात सुमारे १७ टक्क्यांनी घटले; मूत्रपिंडाची झीज मात्र आटोक्यात आली नाही.

तेव्हा मूत्रपिंडाच्या रोग्यास ही गोळी दिली जाते, ती मुख्यतः त्याच्या हृदयाच्या रक्षणासाठी. मूत्रपिंडाची चिकित्सा निराळीच करावी लागते.