पादऱ्याखालचा सह्याद्री

सह्याद्रीचा काळा दगड मागे टाकून आपले पूर्वज गायकवाडांबरोबर गुजरातच्या मऊ मातीत आले, असे आपण धरून चालतो. पण तो दगड इथेही आहे. आपला पावागड त्याच लाव्ह्याचा. पश्चिमेकडे मात्र तो जमिनीखाली गेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला. पुढे दोन्ही बाजूंना भेगा पडून मधला पट्टा खचत गेला आणि त्यात नद्यांचा व समुद्राचा गाळ साचत राहिला. हेच खंबायतचे खोरे. काही ठिकाणी हा गाळ कित्येक किलोमीटर जाड आहे. बडोद्याशेजारच्या पादऱ्यात तर गाळाखालच्या त्या काळ्या दगडाच्या भेगांतूनच तेल निघते!

१९५८ साली खंबायतजवळ लुणेजला तेल लागले, १९६० साली अंकलेश्वरला. नंतर कलोल, मेहसाणा; म्हणजे बडोदे संस्थानचा जुना कडी प्रांतच.

तेल शोधताना कोणता थर कोणत्या काळातला हे कळावे लागते. खोल विहिरीतून वर येतो तो दगडाचा चुरा. त्यात हाडे-शिंपले असले तरी यंत्राने त्यांचे तुकडे होतात. परागकण मात्र इतके बारीक, की यंत्राच्या दातांतून अखंड सुटतात. त्यांचे कवचही विलक्षण चिवट. प्रयोगशाळेत आधी एका आम्लाने चुना घालवतात, मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने दगड विरघळवतात. हे आम्ल काचही खाते, म्हणून भांडी प्लॅस्टिकची. दगड जातो, पराग उरतो. (आमच्या दफ्तरात चाळीस वर्षांची फाइल वाळवीपुढे टिकत नाही!) मग सूक्ष्मदर्शकाखाली आकार आणि नक्षी पाहून वनस्पती ओळखायची. कुठल्या थरात कोणते पराग सुरू झाले आणि कोणते संपले, यावरून दूरदूरच्या विहिरींतले थर एकमेकांशी जुळवता येतात.

याच खोऱ्याच्या कडेला, सुरत जिल्ह्यात, वस्तानची लिग्नाइटची खाण आहे. तिथल्या पाच कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत निपा या ताडाच्या जातीचे पराग सापडतात. आज निपा सुंदरबन आणि अंदमानच्या खाऱ्या दलदलीत वाढते; म्हणजे तेव्हा इथे किनारा होता. तिथेच सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची राळ मिळाली आणि त्या राळेत अडकलेले शेकडो कीटक. दाट, दमट अरण्य होते इथे, आज उन्हाळ्यात खरे वाटणार नाही असे.

लिग्नाइट विजेसाठी जळते. आम्लाला दाद न देणारे ते कवच भट्टीत मात्र टिकत नाही. म्हणून खाणीची नवी भिंत उघडी पडली की ती पुढे खोदली जाण्याआधीच थराथराचा नमुना खालून वर क्रमाने काढून, पिशवीवर खोली लिहून ठेवावा लागतो. एकदा ढिगात मिसळलेल्या कोळशावरून तो कोणत्या थरातला हे कोणालाच सांगता येत नाही.