सार्वत्रिक सांधा व प्रचालक दंडाचे कोन

ज्यांचे अक्ष एका बिंदूत छेदतात, परंतु जे एकाच सरळ रेषेत नसतात, अशा दोन फिरत्या दंडांमध्ये गतीचे प्रेषण करणाऱ्या सांध्यास सार्वत्रिक सांधा म्हणतात. मोटारगाडीत गिअर पेटीपासून मागील आसापर्यंत शक्ती नेणाऱ्या प्रचालक दंडाच्या दोन्ही टोकांना हा सांधा असतो. प्रत्येक दंडाच्या टोकाशी एक बेचके असते व दोन्ही बेचकी एका अधिक-चिन्हाकृती तुकड्याने परस्परांस जोडलेली असतात. या तुकड्याला कारखान्यांतून ‘क्रॉस’ व दंडाला ‘प्रॉपेलर शाफ्ट’ म्हणण्याचा प्रघात आहे. रचना अत्यंत साधी आहे. तथापि तिच्यात एक उपजत दोष आहे. आत येणारा दंड एकसमान वेगाने फिरत असला, तरी बाहेर जाणारा दंड एकसमान वेगाने फिरत नाही. हा दोष प्रथम ओळखला गेला त्याला तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तरीही उंच केलेल्या जीपगाड्यांचे दंड तुटण्याचे ते एक नित्याचे कारण राहिले आहे.

सांध्याचे मूळ नौकानयनातील होकायंत्र वा दिवे टांगण्याच्या कड्यांत आहे. एकात एक बसविलेल्या व परस्परांशी काटकोनात झुलणाऱ्या अशा कड्या चीनमध्ये इ. स. दुसऱ्या शतकात माहीत होत्या; तेराव्या शतकातील फ्रेंच कारागीर व्हिलार द ऑनकूर याच्या चित्रवहीतही त्या आढळतात. इटालियन गणितज्ञ जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) याने १५५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले. त्याने हा शोध आपला असल्याचा दावा केलेला नाही. असे असूनही यूरोपातील बहुतेक भाषांत सांध्याला आणि दंडालाही त्याचेच नाव चिकटले. शास्त्राच्या इतिहासात श्रेय असे चुकीच्या दारी जाण्याची उदाहरणे विरळ नाहीत. कड्या केवळ झुलतात, त्या परिभ्रमणाचे प्रेषण करीत नाहीत, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. जर्मन जेझुइट गास्पार शॉट याने १६६४ मध्ये घड्याळाच्या संदर्भात फिरत्या सांध्याचे वर्णन केले, परंतु दोन्ही दंड एकसारख्याच वेगाने फिरतात अशी त्याची समजूत होती.

ही समजूत रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) या इंग्रज शास्त्रज्ञाने दूर केली. ‘सार्वत्रिक सांधा’ हे नाव त्यानेच १६७६ मध्ये योजिले. हुकची दृष्टी येथे विशेष लक्षणीय आहे. सांध्याची विषम गती त्याला दोष म्हणून नव्हे, तर उपयुक्त गुण म्हणून दिसली. सूर्यघटिकेच्या तबकडीवर तासांच्या रेषा सारख्या अंतरावर पडत नाहीत. पृथ्वीच्या अक्षाशी समांतर असलेल्या शंकूभोवती सूर्य समान कोनांतून फिरतो, परंतु तबकडी तिरपी असल्याने सावलीचे कोन असमान होतात. या असमानतेचे गणित आणि सांध्याच्या असमानतेचे गणित एकच आहे. त्यामुळे सांध्याचा एक दंड समान कोनांतून फिरविला की, दुसरा दंड तबकडीवरील तासरेषा आपोआप दाखवितो. पुढे १६८३ मध्ये हुकनेच विषमता घालविण्याचा उपायही सुचविला : मधल्या एका दंडाच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा बसवावा, म्हणजे पहिल्याने उत्पन्न केलेली विषमता दुसरा खाऊन टाकतो. फ्रेंच भूमितिज्ञ झां व्हिक्तॉर पाँसले याने १८२४ मध्ये गोलीय त्रिकोणमितीच्या साहाय्याने या गतीचे पूर्ण विवरण केले. त्यानंतर तत्त्वाच्या बाजूने सांगण्यासारखे फारसे काही उरले नाही.

या विषमतेचे स्वरूप आकड्यांनी स्पष्ट होते. दोन दंडांमधील कोनाची कोज्या घेतली, तर बाहेरच्या दंडाचा वेग एका फेऱ्यात दोनदा त्या पटीइतका कमी होतो व दोनदा तिच्या व्यस्ताइतका वाढतो. कोन ३° असता हा चढउतार सु. ०·१४% असतो, म्हणजे जवळजवळ नगण्य. १०° ला तो सु. १·५%, २०° ला सु. ६% आणि ३०° ला १३ ते १५% होतो. कोन दुप्पट झाला की विषमता स्थूलमानाने चौपट होते. धक्क्यांची तीव्रता फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. म्हणून डोंगराच्या वाटेवर सावकाश चालणारी गाडी जो कोन सहज सोसते, तोच कोन महामार्गावर तिला हादरवून सोडतो. दंड दर मिनिटास ५,००० फेरे फिरणार असेल तर सांध्यातील कोन सु. ३° पेक्षा अधिक असू नये. ३,००० फेऱ्यांस सु. ६° व २,००० फेऱ्यांस ८° ते ९° चालू शकतात, असा व्यवहारातील संकेत आहे. कोन अगदी शून्य असणेही इष्ट नाही. क्रॉसच्या टोकांवरील टोप्यांत सुयांसारखे बारीक रूळ असतात. कोन नसेल तर ते फिरत नाहीत, एकाच जागी दाबले जाऊन पृष्ठभागावर चरे पाडतात. यासाठी निदान अर्धा ते एक अंश कोन राखतात.

मोटारगाडीत हा सांधा येण्यास शतकाची अखेर उजाडावी लागली. प्रारंभीच्या अनेक गाड्यांत मागील चाके साखळीने फिरविली जात. लुई रेनॉल्ट याने १८९८ मधील आपल्या छोट्या गाडीत साखळी काढून दंडाने शक्ती नेली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असलेल्या क्लॅरेन्स स्पायसर (१८७५–१९३९) याला धूळ व चिखल यांपासून सुरक्षित, वंगण राखणाऱ्या सांध्यासाठी १९०३ मध्ये एकस्व मिळाले. १९०४ मध्ये त्याने न्यू जर्सीतील प्लेनफील्ड येथे त्याचे उत्पादन सुरू केले. पुढे दोन पद्धती प्रचलित झाल्या. फोर्ड कंपनीच्या ‘टी’ नमुन्यात (१९०८–२७) दंड एका बंद नळीत असून त्याच्या पुढील टोकाला एकच सांधा असे. विषमता तेथे तशीच राहू दिलेली होती. दुसऱ्या, म्हणजे हॉचकिस पद्धतीत दंड उघडा असून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात व आसाचा पीळ पाटे झेलतात. फोर्ड कंपनीनेही आपल्या मोटारींत १९४९ मध्ये उघडा दंड स्वीकारला.

हॉचकिस पद्धतीत हुकचा उपाय खरा उतरण्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. मधल्या दंडावरील दोन्ही बेचकी एकाच पातळीत असली पाहिजेत. तिन्ही अक्ष एकाच प्रतलात असले पाहिजेत. आणि दोन्ही सांध्यांतील कोन सारखे असले पाहिजेत. शेवटची अट सामान्यतः गिअर पेटीचा निर्गम दंड आणि आसावरील पिनियनचा दंड परस्परांशी समांतर ठेवून साधतात. दोन्ही कोनांतील तफावत १° च्या आत असावी लागते. दंडाच्या सरकत्या भागातील खाचांत बेचके एका खाचेने जरी चुकीचे बसले, तरी पहिली अट मोडते. दुरुस्तीसाठी दंड उतरविण्यापूर्वी त्यावर खूण करून ठेवण्याची मेकॅनिकांची जुनी सवय याच कारणासाठी आहे. अटी पाळल्या तरी मधला दंड स्वतः विषम गतीनेच फिरत राहतो. त्याच्या जडत्वामुळे निर्माण होणारा कंप दुसऱ्या सांध्याने नाहीसा होत नाही, आणि म्हणून समान कोन असले की ते कितीही मोठे चालतील, ही समजूत चुकीची आहे.

दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीप ही या इतिहासातील पुढची पायरी होय. पुढील चाके वळतात आणि फिरतातही. तेथे एकेरी हुक सांधा वापरल्यास सुकाणूला हिसके बसतात. यासाठी वाइस, रझेपा व ट्रॅक्टा या १९२० नंतरच्या दशकात पुढे आलेल्या तीन प्रकारांचे समवेगी सांधे जीपच्या पुढील आसात वापरले गेले. प्रचालक दंडांवर मात्र साधे हुक सांधेच राहिले, कारण तेथील कोन लहान होते. युद्धानंतर ही गाडी नागरी रूपात आली. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विलिज जीपची जुळणी सुरू केली व महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील कच्च्या रस्त्यांवर ती दीर्घकाळ वावरली. अमेरिकेत हौशी लोकांनी ती डोंगरदऱ्यांत नेली. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन मार्गावरील सामूहिक सफर १९५३ पासून भरू लागली. खडकांवरून जाण्यासाठी मोठे टायर हवेत आणि मोठ्या टायरांसाठी जागा हवी, म्हणून गाडी उंच करण्याची प्रथा वाढली.

गाडी दोन रीतींनी उंच करतात. केवळ टप साटीवरून उचलल्यास दंडाचे कोन बदलत नाहीत. परंतु पाटे अधिक बाकदार केले, अथवा आसाच्या खाली असलेले पाटे आसाच्या वर बसविले, तर साटी गिअर पेटीसह वर जाते आणि आस खाली राहतो. समजा, ६० सेंमी. लांबीचा दंड ८° उतरता आहे. साटी १० सेंमी. उचलली की हा उतार सु. १७° होतो आणि दोन टोकांमधील अंतर सु. २ सेंमी. वाढते. तेवढ्या प्रमाणात सरकत्या खाचांची पकड कमी होते. खड्ड्यात आस आणखी खाली झुकला तर दंड निखळूही शकतो. १२० सेंमी. दंडाचा उतार तेवढ्याच उंचीने १३° पेक्षा थोडा कमी राहतो. म्हणजे झळ बसते ती आखूड गाड्यांना. सीजे-५ जीपच्या दोन आसांमधील अंतर १९७१ पर्यंत केवळ २·०६ मी. होते. त्यात गिअर पेटी व तिच्यामागील चार चाकांना शक्ती वाटणारी पेटी मावल्यावर मागील दंडाला फारच थोडी जागा उरे.

पाटे केवळ उंच केल्यास समांतरता बहुधा टिकते, पण दोन्ही कोन वाढतात. नवख्या माणसाची चूक येथेच होते. दंड फार तिरपा दिसतो म्हणून तो पाट्यांखाली पाचर घालून पिनियनचे नाक वर करतो. त्यामुळे खालचा कोन घटतो, वरचा तसाच राहतो आणि समानता मोडून पूर्वीपेक्षा अधिक कंप सुरू होतो. यावर एक उपाय म्हणजे शक्ती वाटणारी पेटी थोडी खाली उतरवून तिचा निर्गम दंड मागे झुकविणे व त्याच प्रमाणात पिनियन वर करणे. त्याने जमिनीपासूनची उंची काही अंशी गमवावी लागते. अधिक चांगला उपाय जोड-कार्डान सांध्याचा आहे. यात दोन हुक सांधे मध्यवर्ती गोलकाने एकत्र बांधलेले असून वरचा सर्व कोन ते आपसांत निम्मानिम्म वाटून घेतात. निर्गम दंड ४° व प्रचालक दंड १६° उतरता असेल, तर वरचा १२° कोन ६° व ६° असा विभागला जातो. मग खालच्या एकेरी सांध्यात कोन जवळजवळ नसावा लागतो, म्हणून पिनियन थेट दंडाकडे रोखतात. समांतरतेचा नियम येथे लागू होत नाही. दोन्ही व्यवस्थांची सरमिसळ केल्याने अनेक दंड वाया गेले आहेत.

पिनियन दंडाच्या रेषेत तंतोतंत न ठेवता १° ते २° खाली ठेवतात. चाके पुढे फिरू लागली की प्रतिक्रियेने आसाचे कवच उलट दिशेला पिळले जाते व पिनियनचे नाक वर उठते. शक्तीखाली ते रेषेत यावे हा हेतू असतो. पाटे आसावर बसविलेल्या गाड्यांत हा पीळ अधिक असतो. अशा गाडीत पाट्यांच्या बैठकी नव्याने जोडाव्या लागतात. त्या प्रथम टाक्यापुरत्या जोडून, गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी करून, पूर्ण भार पडल्यावर कोनमापकाने कोन घ्यावे आणि मगच पक्का जोड द्यावा. गाडी जॅकवर असता मोजलेले कोन निरुपयोगी असतात. पिनियन फार वर केल्यास त्याच्या पुढील धारव्याला तेल पुरेसे पोचत नाही, हीदेखील मर्यादा आहे.

पुढील आसाचा प्रश्न याहून बिकट आहे. तेथे पिनियन मागे तोंड करून असतो आणि चाके वळविणारे सांधे त्याच कवचाच्या टोकांना जोडलेले असतात. पिनियनचे नाक जितके अंश वर करावे, तितकेच अंश सुकाणूच्या उभ्या अक्षाचा मागील कल, म्हणजे कॅस्टर कोन, घटतो. या कलामुळेच चाके वळणानंतर आपोआप सरळ होतात. ६° कलातून ५° गमावल्यास गाडी वेगात भरकटू लागते. दंडाचा कंप त्रासदायक असला तरी त्याने सूचना मिळते. भरकटणारे सुकाणू जिवावर बेतू शकते. म्हणून दोहोंपैकी एकच साधणार असेल, तर कॅस्टर राखून दंडाचा कोन सोसावा असेच जाणकार सांगतात. पुढील दंडाला बहुतेक काळ शक्ती दिलेली नसते, हे त्यास अनुकूल आहे. दोन्ही हवे असतील, तर कवचाच्या टोकांचे जोड कापून, ती फिरवून पुन्हा जोडावी लागतात.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार करण्यावर निर्बंध असून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील निर्णयात ते अधोरेखित केले आहेत. अमेरिकेत मात्र या फेरफारांवर एक स्वतंत्र व्यवसाय उभा आहे. तेथे २००७ पासूनच्या रँग्लर जीपमध्ये प्रचालक दंडालाच रझेपा प्रकारचा समवेगी सांधा कारखान्यातून देण्यात आला. मूळ उंचीवर तो निर्दोष चालतो. परंतु गाडी उंच केली की वाढलेल्या कोनामुळे त्याचे रबरी आवरण फाटते, वंगण बाहेर पडते आणि सांधा निकामी होतो. तो काढून त्याच्या जागी बहुधा दोन हुक सांध्यांचा जोड बसविला जातो.