शहराच्या वेशीवरचा पियानो

पियानो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या हिंदी सिनेमातली पार्टी येते. सूट घातलेला हिरो, मागे गोल जिना, श्रीमंताचा दिवाणखाना! पण या वाद्यावर गल्लीतला म्हातारा घोडा, गिटारवाला आणि एक आंधळी मुलगी यांच्यावर संगीत लिहिणारा एक माणूस होऊन गेला. फेदेरिको मोम्पोउ (१८९३-१९८७), बार्सिलोनाचा. रचनेचं नाव 'सुबुर्बिस', म्हणजे उपनगरं, शहराच्या कडेच्या वस्त्या. साल १९१६-१७.

हा मोम्पोउ भलताच बुजरा. १९११ साली पियानो शिकायला पॅरिसला गेला, पण लोकांसमोर वाजवायची इतकी भीती की वादक व्हायचा नाद सोडून रचनाकार झाला. १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि स्वारी बार्सिलोनाला परतली.

आता तेव्हाचं बार्सिलोना कसं होतं? १८९७ मध्ये ग्रासिया, सान्त्स, सान मार्ती ही शेजारची गावं शहरात सामील करून टाकलेली. स्पेन युद्धात तटस्थ, त्यामुळे दोन्ही बाजूंना माल विकून कारखानदार गब्बर झाले. महागाई मात्र कामगारांच्या वाट्याला आली. ऑगस्ट १९१७ मध्ये देशभर सार्वत्रिक संप झाला. 'सुबुर्बिस' याच दोन वर्षांतली आहे.

गंमत म्हणजे तिच्यात संपही नाही आणि घोषणाही नाहीत. पाच छोटे तुकडे आहेत: रस्ता, गिटारवाला आणि म्हातारा घोडा, मग जिप्सी बायकांवर दोन, मग आंधळी मुलगी, आणि शेवटी 'आरिस्तोवाला'. सगळं आसनगावला लोकल पकडून कल्याण यायच्या आत ऐकून होतं.

मोम्पोउच्या आजोळी घंटा ओतायचा कारखाना होता. कानात लहानपणापासून धातूचा नाद! आपल्या एका लाडक्या स्वरसमूहाला त्याने समुद्रकाठच्या वस्तीचं नाव दिलं होतं. म्हणजे शहराची कड त्याच्यासाठी नुसता विषय नव्हता, तो कानात बसलेला आवाज होता.

आता तो 'आरिस्तो'. आमच्या आयटीवाल्यांसाठी खास चीज आहे ही! जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये १८८० च्या दशकात पाउल एर्लिशने आरिस्टन नावाची पेटी बाजारात आणली. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची तबकडी घालायची आणि हँडल फिरवायचं. भोक आलं की हवा आत जाते आणि पितळी पट्टी वाजते. तबकडी बदलली की गाणं बदललं. म्हणजे तबकडी हे सॉफ्टवेअर आणि पेटी हे हार्डवेअर. संगीत येत नसलेला माणूसही ती फिरवून चार पैसे मिळवू शकायचा. आणि भाता अधिक पट्टी म्हणजे काय? आपली बाजाची पेटी! भजनी मंडळातली हार्मोनियम आणि बार्सिलोनाच्या गल्लीतला आरिस्तो एकाच घराण्यातले.

हार्मोनियमलाही हा कडेवरचा अनुभव आहे बरं का. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. गावच्या देवळात मात्र ती रोज वाजत होती.

हे सगळं शहापूरच्या माणसाने का सांगावं? कारण मुंबईची लांबची वेस म्हणजे आम्हीच की! तानसा धरण १८९२ चं, ते शहापूर तालुक्यात. भातसाही इथलंच, मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं. आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतात. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही इथूनच जातो. पाणी जातं, गाड्या जातात. आवाज कुठे जातात?

कारण आवाज भरपूर आहेत. मुरबाडकडे म्हशाच्या यात्रेला पौष पौर्णिमेपासून बैलबाजार भरतो. बैलांच्या घुंगुरमाळा, पिपाण्या, आकाशपाळण्याची करकर, सगळं एकदम. ठाकरांच्या पाड्यावर ढोल. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला निघाली की काही वस्त्या चक्क गप्प होतात. ती शांतताही एक आवाजच आहे.

या आवाजांना कुणीतरी 'मोठं' संगीत करावं असं माझं म्हणणं नाही. ढोलाला पियानोचं प्रमाणपत्र कशाला हवं? मुद्दा वेगळा आहे. शहर कडेच्या माणसांकडे बघतं ते पाणी, जमीन आणि मजूर म्हणून. मोम्पोउने त्यांच्यातल्या एकेकाला वेगळं ऐकलं. कुणाला हिरो केलं नाही, कुणाची कीवही केली नाही. आज त्या गल्ल्या तशा उरलेल्या नाहीत, आरिस्तोवाला तर केव्हाच गेला. पण १९७४ मध्ये, ऐंशीच्या घरात, मोम्पोउने स्वतः आपल्या पियानो रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यात तो आरिस्तोवाला अजून हँडल फिरवतोय.

आपल्याकडे तर प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. येत्या पौषात म्हशाला याल तेव्हा फोटो काढाच, पण पाच मिनिटं नुसता आवाजही भरून घ्या.