एक अंगावर, एक दांडीवर

आमच्या घरात माणसं चौदा आणि धुण्याचा दगड एक. आजी-आबा, दोन चुलते, दोन चुलत्या, आई-दादा आणि आम्ही सहा पोरं. येरळेच्या काठचं गाव, पण नदी नावालाच. पावसाळ्यात चार महिने वाहायची, पुढं झऱ्यावर यायची. एवढ्या माणसांचं आठवड्याचं धुणं म्हणजे काय असतं हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. कारण ते धुतलं आईनं, चुलत्यांनी आणि आमच्या आक्कानं. मी नुसतं घातलं.

तेव्हा 'कपडे' हा शब्द मास्तरांच्या तोंडी. आमच्याकडं 'कापडं'. माणसागणिक दोन जोड असायचे. एक अंगावर, एक दांडीवर. दांडी म्हणजे माजघरात आढ्याला दोरीनं टांगलेला वेळू. त्यावर घरातली सगळी कापडं लोंबायची. तिसरा जोड असलाच तर तो ठेवणीतला, पत्र्याच्या ट्रंकेत, जत्रेला नाहीतर कुणाच्या लग्नाला बाहेर निघणारा.

आईला अक्षर येत नव्हतं, पण धुण्याचा हिशेब तिच्याएवढा पक्का गावात कुणाचा नसेल. तिनं वार वाटून घेतले होते. रविवारी पोरांची शाळेची कापडं, बुधवारी गड्यांची रानातली, शुक्रवारी बायकांची लुगडी. तान्ह्या पोराची दुपटी तेवढी रोज. मधल्या वारी कुणी काही धुवायला टाकलं की ती ते उचलून परत दांडीवर टाकायची. "अजून एक दिस चालंल. मळलंय, फाटलं तर न्हाई?" नदीला निघताना कापडं मोजायची, वाळून आली की पुन्हा मोजायची. गेली अठ्ठावीस, आली अठ्ठावीस. एक टॉवेल कमी भरला तर तिन्हीसांजेला कुणीतरी पळत नदीवर जायचं.

आज वाटतं, त्या काळात धुण्याला तीन कुंपणं होती. कापड कमी, पाणी कमी आणि बाईच्या दंडातलं बळ कमी. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या आसपास सुती कापड. ते भिजलं की एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहून उलट्या अंगानं पीळ घालायच्या. अशी पाच लुगडी, रानातल्या चिखलाची धोतरं, वर पोरांचं. एवढं धोपटून आई घरी आली की भाकरी थापताना तिचा हात थरथरायचा.

साबण सगळ्यांच्या वाट्याला यायचा नाही. हिंदुस्थानात सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला म्हणतात. आमच्या गल्लीत मात्र १९७० पर्यंत निम्मं धुणं राखेवर आणि धुण्याच्या सोड्यावर निघायचं. लाकडाच्या राखेत खार असतो, तो तेलकट मळ सोडवतो. राख पाण्यात कालवायची, खाली बसू द्यायची आणि वरचं निवळ घ्यायचं. खण-काठाच्या नाजूक कापडाला रिठा. पाचशे एकचा बार बाजारातून आला की आजी तो दोऱ्यानं कापायची आणि तुकडे कडीकुलपात ठेवायची. आमच्या विहिरीचं पाणी जड, त्यात साबण फेस धरायचा नाही, नुसताच झिजायचा. म्हणून साबणाचं धुणं नदीला आणि राखेचं विहिरीवर, अशी वाटणी होती.

जडजूड धुणं मात्र परटाचं. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली निघालं. त्यात बलुतेदारांची जी मांडणी आहे, तिच्यातला परीट आम्ही पोरांनी डोळ्यांनी पाहिला. आम्ही त्यांना परीटतात्या म्हणायचो. बाळंतिणीची धुणी, सुतकातली कापडं, लग्नाआधीचं अंथरूण-पांघरूण ते न्यायचे. कुणाचं कापड कुठलं हे कळावं म्हणून कोपऱ्यात बिब्ब्याची खूण करायचे. बिब्ब्याचा डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. मग भट्टी लावायचे. सोड्याच्या पाण्यात भिजवलेली कापडं मोठ्या भांड्यावर रचून रात्रभर वाफेवर ठेवायची आणि पहाटे नदीवर आपटायची. वाफेनं मळ सुटायचा, उवा-ढेकणंही मरायची. लग्नात नवरा-नवरीच्या पायाखाली पायघड्या अंथरायचा मान त्यांचाच. गावात कुणी छानछोकीत निघाला की लोक अजून म्हणतात, 'काय परीटघडी आहे आज!' घडीचं कौतुक भाषेत राहिलं. घडी घालणाऱ्याच्या हातावरची सोड्यानं सोललेली कातडी कुणाच्या म्हणीत आली नाही.

या सगळ्याचा मोबदला सुगीत, खळ्यावर. रास झाली की परीटतात्या पोतं घेऊन उभे राहायचे. आबा सूप भरून ज्वारी घालायचे. कधी वरपर्यंत भरलेलं, कधी हात आखडून. वर्षभराच्या धुण्याची किंमत त्या एका दुपारी, देणाऱ्याच्या मनावर ठरायची. गाडगेबाबा याच परीट समाजात १८७६ साली शेंडगावला जन्मले. खराटा हाती धरून त्यांनी लोकांना स्वच्छता शिकवली, आणि आमच्या गावानं त्यांची तसबीर चावडीत लावली. पण परीटतात्या मात्र चावडीच्या पायरीखालीच बसायचे.

वर्षाचं सगळ्यात मोठं धुणं दसऱ्याचं. आमच्याकडं त्याला 'दसरा काढणं' म्हणतात. घट बसायच्या आधी घरातली सुताडी सगळी बाहेर निघायची. वाकळा, घोंगडी, बारदानं, पाळण्याची झोळीसुद्धा. बैलगाडी भरून नदीला जायची. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली वाकळ भिजली की बैलासारखी जड. गडीमाणसं वर्षातून त्या एकाच दिवशी धुण्याला हात लावायची, तीही वाकळा पायांनी तुडवायला. आम्हा पोरांना ती जत्राच. वाळवंटभर रंगीत वाकळा पसरलेल्या आणि मधे शिजणारा आमटीचा वास.

नदीवरसुद्धा जागा ठरलेल्या होत्या. वरच्या अंगाला प्यायचं पाणी, त्याखाली वाड्यातल्या बायका, त्याखाली आम्ही, त्याखाली परीट आणि सगळ्यात शेवटी, आमचा सगळ्यांचा मळ खाली आल्यावर, महारवाड्यातल्या बाया. तेव्हा हे कुणाला खटकायचं नाही. म्हणजे वर बसलेल्या कुणाला खटकायचं नाही. खालच्यांना काय वाटायचं ते विचारायची रीत नव्हती.

आणि मग १९७२ साल आलं. त्याआधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. येरळेत झरा खणला तरी ओली वाळू लागायची, पाणी लागायचं नाही. अर्धं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर. आई, दोन्ही चुलत्या, आक्कासुद्धा कधीकधी. संध्याकाळी घरी यायच्या त्या पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्याफटक. धुळीनं कापड ताठ व्हायचं. विहिरीवर घरटी चार घागरी पाणी, तेही रांगेनं. चौदा माणसं, दोन बैल, एक शेरडी आणि चार घागरी.

त्या वर्षी आईनं नवे नियम काढले. लुगडं झटकून उन्हात घालायचं आणि उलटं करून नेसायचं. तोंड धुतलेलं पाणी परातीत धरायचं, त्यात दुपटी बुचकाळायची, ते गढूळ पाणी शेरडीच्या खुंट्याजवळच्या शेवग्याला. पंधरा दिवसांतून एकदा, दोन मैलांवरच्या तळ्यातल्या डबक्यावर धुणं. तिथं जाऊन-येऊन पाच तास मोडायचे.

सुगी झालीच नाही, तर खळं कुठलं? आणि खळं नाही तर बलुतं कुठलं? परीटतात्या फाल्गुनात आबांकडं आले. उंबऱ्याबाहेर बसले. म्हणाले, "आबा, पोरं घिऊन पुण्याकडं जातो. तिथं लाँड्रीत काम हाय, रोख पैसं देत्यात." आबांनी 'थांब' म्हटलं नाही, कारण थांबवायला कणगीत काही नव्हतं. ते कुटुंब गेलं ते गेलंच. पुढं पाऊस झाला, ज्वारी झाली, पण आमच्या गावगाड्याचं ते चाक परत बसलं नाही.

याचा परिणाम कुठं झाला हे मी फार उशिरा जोडलं. परटाकडं जाणारं जड धुणं घरातल्या बायकांवर आलं. त्याच वर्षी धाकट्या चुलतीला मूल झालं. बाळंतिणीची धुणी, त्यात दोन मैलांची पायपीट, आणि आई खडीवर. मग आक्काला शाळेतून काढलं. ती सातवीत होती, मी पाचवीत. माझ्यापेक्षा हुशार. मास्तर घरी आले होते. दादा म्हणाले, "गुरुजी, चार महिन्यांची गोष्ट हाय, पुढच्या साली घालतो." पुढच्या साली कुणी घातलं नाही. माझा पांढरा सदरा मात्र दर सोमवारी स्वच्छ असायचा. एकदा शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्या वर्गासमोर मला उभं करून 'नीटनेटका मुलगा' म्हटलं होतं. मी ते घरी येऊन फुशारकीनं सांगितलं. आक्का दगडावर होती. "बरं झालं," म्हणाली.

कॉलेजला वसतिगृहात गेलो तेव्हा पहिल्यांदा स्वतःचं कापड धुतलं. पहिल्या रविवारी बोटं सोलली आणि दुसऱ्या रविवारी ठरवलं की विजार दोन आठवडे घालायची. आईचा नियम मी न शिकताच गिरवला. तोवर टेरिकॉट आलं होतं. पिळायला हलकं, तासाभरात वाळणारं. सर्फ १९५९ पासून देशात होतं, पण ते शहरातल्या मध्यमवर्गाचं. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सायकलवरून स्वस्त निरमा विकायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती पिवळी पावडर आमच्या गावच्या दुकानापर्यंत पोचली. जड पाण्यातही ती फेस धरायची. आई हरखून गेली होती. पण गंमत बघा, पावडर आली, कापडं स्वस्त झाली, नळ आला आणि धुणं वाढलं. 'अजून एक दिस चालंल' हे वाक्य घरातून हळूहळू गेलं.

आज आम्ही घरात चौघं. मागल्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाला तेव्हा मी मशीनची नळी बादलीत सोडून पाणी मोजलं. एका वेळच्या धुण्याला पंधरा लिटरच्या नऊ बादल्या. म्हणजे बहात्तर सालच्या आमच्या चौदा माणसांचं दोन दिवसांचं पाणी. आणि आम्ही आठवड्यातून पाच वेळा मशीन लावत होतो.

त्याच दिवसांत आक्का आली होती. गुडघे गेलेत, पण बसवत नाही. मशीनपुढच्या ढिगातून एकेक कापड उचलून तिनं नाकाला लावलं, कॉलर पाहिली आणि दोन ढीग केले. मोठा ढीग सुनेच्या हातात देत म्हणाली, "हे धुवायचं न्हाई बाई, हे टांगायचं." नात हसायला लागली. मी धीर करून विचारलं, "आक्का, शाळा सुटल्याचं वाईट वाटलं असंल तुला."

"वाटलं की," ती म्हणाली. "गावात बालवाडी निघाली तवा सातवी झालेली बाई हुडकत हुते. त्या दिवशी लई वाटलं. पर तवा कुणी इचारलं न्हाई आन् आता इचारून तू काय करणार हायस?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं वाट पाहिली नाही. बाथरूमकडं बोट करून म्हणाली, "तुझी बनियनं तेवढी हातानं काढ. मशीनला कशापायी?"

तेव्हापासून आमच्याकडं मशीन बुधवारी आणि रविवारी. टांगायच्या कापडांसाठी जिन्याखाली वेळूची दांडी बसवली आहे. माझी बनियनं, टॉवेल मीच धुतो. दोरीवर घालताना मोजायची सवय लागली आहे, आणि आक्काचा फोन आला की ती आधी तेच विचारते, "किती झाली रं?"