मुळशीचा अनुत्तरित प्रश्न

मुळशीच्या धरणाचा विषय निघाला की सुशिक्षित वाचकास सेनापती बापटांचे नाव आठवते. ज्याचे शेत पाण्याखाली गेले त्या मावळ्याचे स्मरण क्वचितच होते. मुंबईस वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीने नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे योजिले, आणि त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला.

१८९४ चा भूसंपादनाचा कायदा कंपनीस अनुकूल होता. जमिनीचे मोल किती, हे तो विचारी. मालकास ती द्यावयाची आहे काय, हे विचारीत नसे. आणि ते मोल तरी कोणाच्या पदरी पडावयाचे? मुळशी पेट्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. त्यांनी मोबदल्याची वाट धरली. कसणाऱ्या कुळाच्या वाट्यास विस्थापन आले. १९२४ पर्यंत लढा मोडला. त्याचे खापर केवळ सरकारवर व कंपनीवर फोडणे सोपे आहे. परंतु ते सावकार आपल्याच पांढरपेशा वर्गातील होते, हे विसरता येत नाही.

२०१३ च्या कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन संपादन करताना किमान ८० टक्के मालकांची संमती आवश्यक ठरविली, ही प्रगती खरीच. तथापि संमतीच्या त्या मोजणीत निव्वळ कुळास स्थान नाही. पुनर्वसनाचा हक्क त्यास मिळाला. नकाराचा अद्याप मिळावयाचा आहे.